एक हिच, दोन दावेदार: पिकअपवर सायकली आणि ट्रेलर एकत्र नेताना

अमेरिकेत मे अखेरच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंत कॅम्पिंगचा हंगाम असतो. ज्यांच्या दारात पिकअप आणि कॅम्पर ट्रेलर आहे, अशा तिथल्या मराठी कुटुंबांपुढे या दिवसांत एक प्रश्न हटकून येतो. मेनमधल्या अकेडिया नॅशनल पार्कात मोटारींना बंदी असलेले ४५ मैलांचे कॅरेज रोड आहेत, यूटामध्ये मोॲबच्या लाल खडकांतल्या वाटा आहेत. तिथे मुलांना घेऊन जायचे आणि सायकली घरी ठेवायच्या, हे मनाला पटत नाही. पण पिकअपच्या मागे चौकोनी तोंडाचा रिसीव्हर एकच. त्यात ट्रेलरचा बॉल माउंट बसवला की सायकल रॅकला जागा उरत नाही.

या अडचणीवर बाजारात उपाय भरपूर आहेत. ते निवडताना बहुतेक जण रॅक बसतो का एवढेच पाहतात. रॅक कुठेही बसवता येतो. त्याने ट्रेलरचा तोल बिघडतो का, पिकअपची पुढची चाके हलकी होतात का, वळताना ट्रेलर सायकलींना भिडतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र खरेदीच्या आधी मिळवायला हवीत. ती घराच्या ड्राइव्हवेवर मोजपट्टी आणि वजनकाटा घेऊन मिळवता येतात. माझा सल्ला आधीच सांगतो: सायकली शक्य तोवर पिकअपच्या हौद्यातच ठेवा. ते जमत नसेल तरच बाकीच्या पर्यायांकडे वळा, तेही वजनाचा हिशेब कागदावर मांडून.

आधी तीन आकडे

पहिला आकडा रिसीव्हरवरच्या लेबलवर असतो. हाफ-टन पिकअपला साधारणपणे २ इंची रिसीव्हर येतो, जड पिकअपना अडीच किंवा ३ इंची. लेबलवर दोन ओळी दिसतील: साध्या बॉल माउंटवर किती वजन चालेल आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (बॉलवरचा काही भार पिकअपच्या पुढच्या ॲक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देणारी जोडणी) लावल्यावर किती. प्रत्येक ओळीत ट्रेलरचे एकूण वजन आणि टंग वेट, म्हणजे ट्रेलरची दांडी बॉलवर जेवढा भार टाकते ते वजन, असे दोन आकडे असतात. चारही आकडे टिपून घ्या.

दुसरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. माणसे आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेले असते. यालाच पेलोड म्हणतात. जाहिरातीतला ओढण्याचा मोठा आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण पेलोड बऱ्याचदा त्याआधीच संपतो.

तिसरा आकडा तुम्हाला स्वतः काढावा लागतो: प्रवासाला निघताना जसा भराल तसा ट्रेलर भरून त्याचे प्रत्यक्ष टंग वेट. यासाठी बाथरूममधला वजनकाटा पुरतो. एक मजबूत लाकडी तुळई घ्या. तिचे एक टोक विटेवर ठेवलेल्या पाइपवर आणि दुसरे काट्यावर टेकवा. दोन टेकूंमधले अंतर बरोबर ३ फूट हवे. पाइपपासून १ फुटावर, म्हणजे काट्यापासून २ फुटांवर, ट्रेलरचा कपलर तुळईवर टेकवा. काट्यावरच्या आकड्यातून नुसत्या तुळईमुळे दिसणारे वजन वजा करून उरलेल्या आकड्याला ३ ने गुणा. वजाबाकीनंतर १८० पौंड उरले, तर टंग वेट ५४० पौंड. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा हवा, चाकांना अडण लावलेली हवी आणि कपलरची उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच हवी. ट्रेलरचे एकूण वजन हवे असेल तर महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर काटे असतात. थोड्या पैशांत प्रत्येक ॲक्सलचे वेगळे वजन छापून मिळते.

बॉलवर ओढायच्या ट्रेलरचे टंग वेट त्याच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावे. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते, ट्रेलरचेही तसेच. टंग हलकी झाली की वेगात ट्रेलर शेपटासारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. टंग फार जड झाली तर पिकअपचे बूड बसते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टीअरिंगची पकड सुटते.

वजन कुठे टांगता, यावर सारे अवलंबून

एक उदाहरण घेऊन पुढचा सगळा हिशेब करू. भरलेला ट्रेलर ४,५०० पौंडांचा, टंग वेट ५४०, म्हणजे १२ टक्के. दोन ई-बाइक प्रत्येकी ६० पौंड आणि दोन साध्या सायकली प्रत्येकी ३० पौंड, मिळून १८०. रॅक ५० पौंडांचा. एकूण २३० पौंड.

आधी पेलोड. समजा दाराच्या चौकटीवर १,६०० पौंड लिहिले आहेत. चौघांचे कुटुंब ५६०, टंग वेट ५४०, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच ८०, सायकली आणि रॅक २३०, हौद्यातले इतर सामान १५०. बेरीज १,५६०. शिल्लक ४० पौंड. बर्फाने भरलेला एक कूलर चढवला की तेही संपतील. म्हणून हा हिशेब दुकानात जाण्याआधी करायचा.

मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेले वजन तरफेसारखे काम करते आणि पुढचा ॲक्सल उचलते. पिकअपच्या दोन ॲक्सलमधले अंतर १४५ इंच आणि मागच्या ॲक्सलपासून बॉल ५० इंचांवर धरा. साध्या बॉल माउंटवर ५४० पौंडांच्या टंगमुळे पुढच्या ॲक्सलवरचा भार सुमारे १८६ पौंडांनी कमी होतो. आता एक्स्टेंशन, म्हणजे रिसीव्हरची लांबी वाढवणारी जोडणी, लावून बॉल १२ इंच मागे नेला आणि २३० पौंडांचा रॅक ७५ इंचांवर लटकवला, तर तोच आकडा ३५० च्या घरात जातो. जवळजवळ दुप्पट. रस्ता ओला असताना आणि समोर वळण असताना याची किंमत कळते. सायकली हौद्यात ठेवल्या तर त्यांचे वजन जवळपास मागच्या ॲक्सलवरच येते आणि पुढची चाके फारशी हलकी होत नाहीत.

पहिली पसंती: हौदा

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टेलगेटवर, म्हणजे मागच्या फाळक्यावर, टाकायची गादी. सायकलीचे पुढचे चाक फाळक्याबाहेर लोंबते, मागचे हौद्यात राहते आणि फ्रेम पट्ट्याने आवळली जाते. पिकअपच्या रुंदीनुसार अशा पाच-सहा सायकली मावतात. फक्त एक गोष्ट तपासा: बाहेर लोंबणारी चाके ट्रेलरच्या जॅकला किंवा गॅसच्या टाक्यांना वळताना लागत नाहीत ना. शंका असेल तर सायकली उलट्या दिशेने, मागचे चाक फाळक्याकडे करून, आतच उभ्या करा.

दुसरा उपाय हौद्यात आडव्या बसवलेल्या दांडीचा. त्यावर फोर्क अडकवायची माउंट असतात. पुढचे चाक काढायचे, फोर्क माउंटवर ठेवून ॲक्सल घट्ट करायचा. फोर्कच्या ॲक्सलचे माप सायकलीनुसार बदलते, तेव्हा खरेदीआधी सायकलीवरचे माप बघा. हौदा साडेपाच फुटी असेल आणि सायकल सहा फुटी, तर चाक काढल्याने फाळका बंद होतो. धुळीच्या रस्त्यावर आणि चोरीच्या दृष्टीने त्याचा फायदा मोठा आहे.

ई-बाइक उचलणे हाच हौद्यातला खरा त्रास. बॅटरी काढून गाडीच्या आत ठेवा. काही पौंड तिथेच कमी होतात आणि बॅटरीला पाऊस-ऊन लागत नाही. उतरती फळी वापरा आणि दोघांनी मिळून चढवा. हौद्यावर कडक झाकण असेल तर त्याच्यावर बसणारे रॅक मिळतात, पण झाकणाची वजन पेलण्याची मर्यादा आधी वाचा. फिफ्थ व्हील, म्हणजे हौद्यातल्या हिचवर जोडला जाणारा ट्रेलर, असेल तर हौदा अडलेलाच असतो; त्याच्यासाठी मार्ग पुढे सांगतो.

दुसरी पसंती: पुढचा रिसीव्हर

बऱ्याच पिकअपना समोरच्या बाजूला बसणारे रिसीव्हर मिळतात. मागची जागा ट्रेलरसाठी मोकळी राहते आणि सायकली सतत डोळ्यांसमोर असतात. वजन पुढच्या ॲक्सलवर येत असल्यामुळे, टंगमुळे हलकी झालेली पुढची चाके थोडी सावरतातही.

याच्या अडचणीही समोरच्याच. हेडलाइटचा झोत अडतो, अनेक राज्यांत सक्तीची असलेली पुढची नंबर प्लेट झाकली जाते आणि रेडिएटरला मिळणारी हवा कमी होते. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणाऱ्या आय-७० वर ६ ते ७ टक्क्यांचे चढ आहेत. तिथे ट्रेलर ओढताना इंजिनाला ती हवा हवीच असते, तेव्हा तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. नव्या गाड्यांत आपोआप ब्रेक लावणारी आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी यंत्रणा समोरच्या रडारवर चालते. सायकल रडारच्या आड आली तर ही यंत्रणा नको तेव्हा ब्रेक लावू शकते किंवा बंद पडते. म्हणून पुढे दोनच हलक्या सायकली आणि तीही आडव्या, खाली बसणाऱ्या रॅकवर, एवढीच मर्यादा ठेवा.

तिसरा मार्ग: ट्रेलरच्या टंगवर

ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी फ्रेमवर, जॅकच्या आसपास बसणारे रॅक खास याच कामासाठी बनतात. तिथे हादरे ट्रेलरच्या मागच्या टोकापेक्षा कमी बसतात. पण टंग वेट झपाट्याने वाढते.

आपल्या उदाहरणात ट्रेलरचा ॲक्सल बॉलपासून १५ फुटांवर आणि रॅक बॉलपासून २ फुटांवर धरला, तर २३० पौंडांपैकी सुमारे १९९ बॉलवर येतात. टंग वेट ७३९ होते, म्हणजे साडेपंधरा टक्क्यांहून जास्त. मर्यादा ओलांडली. तोच रॅक आणि दोन साध्या सायकली असतील तर एकूण ११० पौंड, त्यातले ९५ बॉलवर. टंग वेट ६३५, म्हणजे १३.८ टक्के. हे चालण्यासारखे आहे, अर्थात रिसीव्हरच्या लेबलवर तेवढे टंग वेट मान्य असेल तर. यावरून नियम सोपा होतो: टंगवर दोन हलक्या सायकली, ई-बाइक हौद्यात.

चौथा मार्ग: दुहेरी रिसीव्हर

लोक सर्वांत आधी विचारतात ते याबद्दल. पिकअपच्या रिसीव्हरमध्ये घालायची एक जोडणी मिळते. तिला खाली-वर दोन तोंडे असतात. खालच्यात बॉल माउंट, वरच्यात सायकल रॅक. दिसायला हे उत्तर सर्वांत सुटसुटीत. प्रत्यक्षात यातच सर्वांत जास्त तपासण्या लागतात.

पहिली तपासणी क्षमतेची. बॉल मागे सरकला की रिसीव्हरवरचा ताण वाढतो. म्हणून अनेक उत्पादक एक्स्टेंशन लावल्यावर क्षमता निम्मी धरायला सांगतात. ५०० पौंड टंग वेट लिहिलेला रिसीव्हर अशा वेळी २५० पौंडांचाच समजायचा. जोडणीवर स्वतःचा आकडा लिहिलेला असेल तर दोन्हींपैकी जो कमी असेल तो खरा. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच बहुतेक एक्स्टेंशनवर चालत नाही. म्हणजे आपल्या उदाहरणातला ५४० पौंड टंग वेटचा कॅम्पर या मार्गातून बादच होतो.

दुसरी तपासणी रॅकच्या कागदपत्रांची. अनेक रॅक-उत्पादक एक्स्टेंशनवर आपला रॅक लावायला मनाई करतात, किंवा सायकलींची संख्या कमी करायला सांगतात. माहितीपुस्तिकेतले ते पान शोधून वाचा.

तिसरी तपासणी वळणाची. ट्रेलर बॉलभोवती फिरतो. सरळ उभा असताना सायकली आणि ट्रेलर यांत दिसणारे अंतर वळणात कमी होते. बॉलपासून ट्रेलरच्या सपाट तोंडापर्यंत ४८ इंच आहेत आणि सायकल ७२ इंच लांब, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला ३६ इंच, असे समजा. ४८ चा वर्ग २,३०४, ३६ चा वर्ग १,२९६. फरक १,००८ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ३१.७. याचा अर्थ, शेवटच्या सायकलीचे चाक बॉलच्या मागे ३१.७ इंचांवर असले की एका ठरावीक कोनात ट्रेलर त्याला भिडतो. सहा इंचांची सूट ठेवायची तर ४८ ऐवजी ४२ धरून हाच हिशेब करा आणि २१ इंचांपर्यंतच सायकली येऊ द्या. रॅकवर एकेका सायकलीला साधारण फूटभर जागा लागते. चार सायकलींचे गणित इथे बसणे अवघड.

शिवाय जॅक. कॅम्परचा उभा जॅक बॉलभोवती वर्तुळ काढत फिरतो आणि त्या वर्तुळात सायकलीचे पेडल किंवा चाक असेल तर ते मोडते. म्हणून हा मार्ग खऱ्या अर्थाने लांब दांडीच्या हलक्या ट्रेलरसाठी आहे: बाजूला दुमडणाऱ्या जॅकचा बोटीचा ट्रेलर, बागेचे सामान नेणारा उघडा ट्रेलर. कॅम्परसाठी तो विचारात न घेतलेला बरा.

शेवटचा मार्ग: ट्रेलरच्या मागे

कॅम्परच्या मागे ४ इंची चौकोनी बंपर असतो आणि त्याला रॅक अडकवण्याचा मोह होतो. तो बंपर पातळ पत्र्याचा असून सांडपाण्याचा पाइप ठेवायला आणि फार तर स्टेपनी टांगायला केलेला असतो. रॅकचे वजन आणि प्रत्येक खड्ड्यातला झटका मिळून त्याचे सांधे उकलू शकतात.

त्याहून मोठा धोका तोलाचा. आपला २३० पौंडांचा रॅक ॲक्सलच्या मागे १२ फुटांवर टांगला तर बॉलवरचे वजन १८४ पौंडांनी कमी होते. उरते ३५६, आणि एकूण वजन झाले ४,७३०. म्हणजे साडेसात टक्के. रॅक टांगण्याआधी १२ टक्क्यांवर असलेला ट्रेलर केवळ सायकलींमुळे उलाळ झाला.

मागेच न्यायच्या असतील तर तीन अटी पाळा. ट्रेलरच्या मुख्य फ्रेमला वेल्ड केलेला रिसीव्हर असावा. रॅक ट्रेलरच्या मागे वापरता येईल असे उत्पादकाने स्पष्ट लिहिलेले असावे. नेहमीच्या बहुतेक रॅकना ही परवानगी नसते. आणि सायकली चढवल्यानंतर टंग वेट पुन्हा मोजून १० टक्क्यांच्या वर असावे. फिफ्थ व्हीलचा भार थेट हौद्यात आणि १५ ते २५ टक्के इतका येतो, त्यामुळे त्याच्या मागे थोडे वजन सहन होते. तरी पहिल्या दोन अटी त्यालाही लागू आहेत.

जोडणी आणि चाचणी

- २ इंची रिसीव्हरला ५/८ इंची पिन लागते. पिन आणि तिची क्लिप दोन्ही डोळ्यांनी बघा, हाताने ओढून बघा.
- बॉलचे माप कपलरवर कोरलेले असते. २ इंच आणि २ ५/१६ इंच यांत दिसायला फरक थोडा, पण मोठ्या कपलरमध्ये लहान बॉल बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात निसटतो.
- सेफ्टी चेन कपलरखाली फुलीसारख्या घालून पिकअपच्या मूळ रिसीव्हरच्या कड्यांत अडकवा. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी ब्रेकअवे केबलही गाडीलाच अडकवा. बॉल माउंटला किंवा जोडणीला नको, कारण तेच निसटले तर केबलचा उपयोग उरत नाही.
- चेन, केबल आणि विजेची वायर वळणाला पुरतील इतक्या सैल हव्यात, पण रस्त्याला घासता कामा नयेत.
- सायकलीचे टायर आणि सायलेन्सरचे तोंड यांत पुरेसे अंतर ठेवा. गरम धुराने रबर आणि कार्बनची रिम खराब होते.
- ट्रेलरचे दिवे आणि नंबर प्लेट मागून पूर्ण दिसतात का, हे एकाला मागे उभे करून तपासा.

मग रिकाम्या पार्किंगमध्ये जा. एकाने बाहेर उभे राहायचे, दुसऱ्याने अगदी हळू, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे, स्टीअरिंग पूर्ण वळवून पुढे जायचे. त्यानंतर तसेच रिव्हर्स. सर्वांत कमी अंतर उरेल त्या जागी थांबून मोजपट्टी लावा. ड्राइव्हवेच्या उतारावरून रस्त्यावर उतरतानाही बघा. तिथे ट्रेलरची टंग पिकअपच्या तुलनेत वर उचलली जाते आणि वरचे अंतर कमी होते. फाळका उघडताना तो जॅकवर किंवा बॉल माउंटवर आपटत नाही, याचीही खात्री करा.

रस्त्यावर

निघाल्यावर पन्नासेक मैलांनी थांबून सगळे पट्टे आणि पिन पुन्हा आवळा. पट्टे पहिल्याच टप्प्यात सैल होतात. नंतर प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना एक फेरी मारा. ट्रेलर ओढताना कॅलिफोर्नियात वेगमर्यादा ५५ मैल आहे. इतर राज्यांत जास्त चालत असली तरी ट्रेलरच्या अनेक टायरना ताशी ६५ मैलांची मर्यादा असते, ती टायरच्या कडेवर वाचा.

ट्रेलर झुलू लागला तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टीअरिंग सरळ धरा आणि पिकअपचा ब्रेक जोरात दाबू नका. ब्रेक कंट्रोलर असेल तर त्याच्या हाताच्या बटनाने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावा. गाडी सावरल्यावर पहिल्या सुरक्षित जागी थांबून वजनाची मांडणी बदला. वेग कमी करून तसेच पुढे जाऊ नका. मूळ कारण टंग वेटमध्ये असते आणि पुढच्या उतारावर ते पुन्हा डोके वर काढते.

एक कागद घ्या. त्यावर रिसीव्हरची मर्यादा, पेलोड, ट्रेलरचे भरलेले वजन, सायकलींसह मोजलेले टंग वेट आणि वळणात उरलेले सर्वांत कमी अंतर लिहा. तो ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, म्हणजे पिकअप चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला तो पाहता येईल. मुलांच्या लहान सायकली जाऊन मोठ्या येतात, साध्यांच्या जागी ई-बाइक येतात, ट्रेलरमधले सामानही वाढत जाते. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला सगळे नव्याने मोजा आणि कागद नव्याने लिहा.